भंगारातून इंजिनचे पार्ट आणायचेत? आधी गाडी कशाने गेली ते बघा

इंजिन रिबिल्डला (खोलून पुन्हा नव्यासारखं करायला) घेतलं, खोलून टेबलावर मांडलं आणि मग कळलं की क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) गेलाय किंवा हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) तडा आहे, नवा पार्ट कंपनीने बंद करून जमाना झाला, किंवा मिळतोय पण किंमत ऐकून हात आखडतोय. अशा वेळी भंगार यार्ड. यात कमीपणा वगैरे काही नाही हो, ब्लॉक (सिलेंडर असलेला मुख्य भाग), क्रँक, हेड हे मुळातच एवढे दणकट पार्ट असतात की गाडीची बॉडी सडते, सीटा फाटतात, मालक कंटाळतो, तरी आतला क्रँक अजून बरीच वर्षं ओढायला तयार असतो. फक्त तो कुठल्या गाडीतून काढायचा हे कळलं पाहिजे.

बहुतेक जण यार्डात शिरले की थेट पार्ट शोधायला लागतात, बॉनेट उघडलं, दिसला, लावला पाना. माझं म्हणणं उलटं आहे, आधी गाडी निवडा आणि पार्ट नंतर. ती गाडी भंगारात का आली हे जरा भोवती फिरून बघितलं तर निम्मी पारख तिथेच होते, कारण इंजिन बसल्यामुळे भंगारात आलेल्या गाडीतून इंजिनचाच पार्ट घेणं म्हणजे दुसऱ्याची कटकट पैसे देऊन घरी आणणं.

घरून निघायच्या आधी

आपल्या इंजिनचा कोड, ब्लॉकवरचा आणि हेडवरचा कास्टिंग नंबर, हे फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा. "अमुक मॉडेलचं इंजिन" एवढ्यावर जाऊ नका, कारण एकच इंजिन कितीतरी गाड्यांत असतं आणि उलट एकाच मॉडेलमध्ये वर्ष बदललं की आतलं सामान बदललेलं असतं. फियाटचं १.३ मल्टीजेट घ्या, १२४८ सीसी, बोअर (सिलेंडरचा व्यास) ६९.६ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८२ मिमी, हे इंजिन फियाटमध्ये आहे, ओपेलमध्ये आहे, सुझुकीत आहे, टाटात आहे, म्हणजे एका गाडीच्या मालकाला शोधायला चार कंपन्यांच्या गाड्या मोकळ्या. पण त्यातच काहींना साधा टर्बो आणि काहींना व्हेरिएबल जॉमेट्रीवाला, म्हणून टर्बो आणि त्याच्या आसपासचं सामान डोळे झाकून बसणार नाही. दुसरं उदाहरण शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ चं, १९५५ पासूनचं इंजिन, बाहेरून सगळे ३५० (क्यूबिक इंचवाले) सारखेच दिसतात, पण १९८६ मध्ये क्रँकच्या मागच्या टोकाचं ऑइल सील दोन तुकड्यांचं होतं ते एका तुकड्याचं केलं आणि क्रँकचा मागचा फ्लँजच बदलला, त्यामुळे जुन्याचा फ्लायव्हील (क्रँकच्या मागची जड चकती) नव्याला लागतच नाही. प्रत्येक इंजिनात अशी एखादी मेख असते, ती कुठे आहे हे घरी बसून मॅन्युअलमध्ये किंवा पार्ट कॅटलॉगमध्ये बघून जायचं, यार्डात उन्हात उभं राहून नाही.

चॅसिस नंबरची पाटी घासलेली असेल तर एक लक्षात ठेवा, १७ अक्षरी नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं कधीच नसतात, म्हणजे गोल दिसतंय ते शून्यच आणि उभी रेघ दिसतेय तो एकच.

हत्यारांत फार हौस नको. सहा कोनी सॉकेटचा सेट (बारा कोनी नको, गंजलेल्या बोल्टचं डोकं गोल करून टाकतो), छोटे-मोठे एक्स्टेन्शन, लांब दांडा, प्लग पाना, टॉर्क्सच्या बिट, पक्कड, हातोडी, पातळ पहार, गंज सोडवणारा स्प्रे, टॉर्च, चुंबक, व्हर्निअर, फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) आणि एक सरळ स्टीलची पट्टी. शिवाय झिपच्या पिशव्या, पेंट मार्कर आणि भरपूर चिंध्या. १० चं सॉकेट दोन घ्या, एक हरवणारच आहे. मोबाईलला जोडायचा छोटा बोअरस्कोप कॅमेरा मिळाला तर सोन्याहून पिवळं. जाड हातमोजे, चष्मा, पक्के बूट याबद्दल वेगळं सांगत नाही, भंगारात प्रत्येक पत्र्याला धार असते.

गाडीची चौकशी

मागून ठोकलेली गाडी सगळ्यात भारी. डिकी आत गेलीय, पुढचं सगळं जागच्या जागी, म्हणजे ती गाडी धक्का बसला त्या क्षणापर्यंत चालत होती. कडेने ठोकलेली पण चालेल. समोरून ठोकलेली असेल तर जरा थांबा, रेडिएटर मागे सरकून क्रँकच्या पुलीवर आदळलेला असू शकतो, ब्लॉकचे माऊंटिंगचे कान तुटलेले असू शकतात, टायमिंग कव्हरला भेग असू शकते आणि अपघातानंतर पाणी सांडून गेलेलं इंजिन थोडा वेळ तसंच चालू राहिलं असेल तर तापलेलंही असू शकतं.

कुठेच ठोकलेली नाही, रंग बरा आहे, टायर पण बरे, आणि तरी भंगारात? मग संशय घ्या. अशी गाडी बहुतेक वेळा इंजिन किंवा गिअरबॉक्स गेल्यामुळे येते. बॉनेटखाली अर्धवट खोललेलं सामान दिसलं, व्हॉल्व्ह कव्हर सुटं पडलंय, प्लग काढून ठेवलेत, तर कोणीतरी दुखणं शोधायला घेतलं आणि हात टेकले असं समजा. आणि प्लग काढून भोकं उघडी ठेवलेली असतील तर पावसाचं पाणी सरळ सिलेंडरमध्ये, आत गंजाचे खड्डे पडलेले असणार, त्या ब्लॉकचा नाद सोडा.

पुरात बुडालेली गाडी ओळखायला एअर फिल्टरचा डबा उघडा. आत गाळाची रेघ दिसली की समजायचं पाणी कुठपर्यंत चढलं होतं. आतले गालिचे बदलून धुऊनपुसून ठेवता येतात, पण फिल्टरच्या डब्यात कोणी फडकं मारत नाही. जळालेल्या गाडीतलं तर काहीच घेऊ नका, अॅल्युमिनियमचं हेड एकदा आगीत तापलं की त्याची कडकपणाची प्रक्रियाच उतरते, दिसायला धड पण बोल्ट कसताना आटे मऊ मेणासारखे येतात. शिवाय जळालेल्या काही रबरी सीलांमधून असं ॲसिड सुटतं की ते कातडीला लागलं तर हाडापर्यंत जातं, त्यामुळे हात पण लावू नका.

आता बॉनेटखाली. ऑइलची पट्टी काढा, बोटावर ऑइल घ्या, उजेडात घासून बघा. काळं असलं तरी हरकत नाही, काळं तर होणारच. दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर पाणी मिसळलंय, हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधलं पातळ पॅकिंग) गेलंय किंवा तडा आहे. चमचम दिसली तर बेअरिंग खाल्लंय, आणि ती चमक तांबूस असेल तर बेअरिंगचा वरचा थर संपून आतलं तांबं बाहेर आलंय, म्हणजे क्रँकला हमखास चरे. पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल पातळ होऊन सगळंच घासत होतं असं धरून चाला. ऑइल टाकायच्या झाकणाखाली थोडीशी पांढरी साय असेल तर लगेच घाबरू नका, कमी अंतर चालणाऱ्या गाडीत वाफ साचून ती येतेच, पट्टीवर पण तसंच असेल तरच गडबड. पण झाकणाखाली काळा डांबरासारखा थर साचला असेल तर मालकाने ऑइल बदलायचा कंटाळा केलाय, असं इंजिन मी सोडून देतो, ऑइलची भोकं कुठे कुठे तुंबलीत कोण शोधत बसणार.

रेडिएटरचं झाकण उघडून बघा, कूलंट हिरवा, लाल, निळा कुठल्याही रंगाचा असो पण स्वच्छ असला तर बरं. गंजाचं तांबडं पाणी म्हणजे साधं पाणी घालून चालवलेली गाडी, आत पाण्याचे रस्ते खाल्लेले असतात. वर ऑइलचा तवंग दिसला तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर गेलेला असू शकतो, आणि तपकिरी चिकट गोळे दिसले तर कोणीतरी गळती बुजवायची पावडर ओतलेली असू शकते. आणि आधी कधी रिबिल्ड झालेलं इंजिन असेल तर ब्लॉकवर किंवा हेडवर एक छोटी गोल धातूची चकती चिकटवलेली दिसू शकते, तिच्या मधला ठिपका वितळून गेला असेल तर इंजिन मर्यादेबाहेर तापलंय, एवढा स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

प्लग काढा, इथे घाई नको

सगळे प्लग काढा आणि सिलेंडरच्या नंबराने ओळीत मांडा. फिकट तपकिरी किंवा राखाडी, सगळे एकसारखे, तर इंजिन धड चालत होतं. काळा आणि ऑइलने ओला असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाईड गेलेत, हे रिबिल्डमध्ये तसंही करायचंच असतं त्यामुळे फार वाईट नाही. पांढराफटक, फोड आल्यासारखा असेल तर तो सिलेंडर जास्त तापत होता. आणि चारपैकी तीन मळलेले आणि एकच नवा असल्यासारखा लख्ख दिसतोय, तर खूश होऊ नका, त्या सिलेंडरमध्ये कूलंट शिरून वाफेने प्लग धुतला गेलाय. त्या हेडला नाहीतर गॅस्केटच्या जागेला तिथेच तडा शोधा. टोक चेपलेला किंवा तुटलेला प्लग दिसला तर पिस्टनवर काहीतरी आपटलंय.

प्लगच्या भोकातून टॉर्च आणि कॅमेरा आत घाला. पिस्टनच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखे ठसे असतील तर टायमिंग बेल्ट तुटून व्हॉल्व्ह आपटलेत. भिंतीवर होनिंगच्या (बोअर घासून गुळगुळीत करताना पडलेल्या) तिरप्या बारीक रेघा अजून दिसत असतील तर बोअर चांगला. उभे चरे दिसले तर लायनर (आत बसवायची नवी नळी) किंवा ओव्हरसाइझ (बोअर मोठा करून मोठा पिस्टन) आलंच. पिस्टनवर ०.५० किंवा १.०० असा आकडा कोरलेला दिसला की ते इंजिन एकदा बोअर झालेलं आहे, अजून एकदा व्हायला जागा आहे का ते आधी बघा.

मग क्रँकच्या पुढच्या बोल्टला लांब दांडा लावून हाताने फिरवा. पुलीकडून बघितलं तर बहुतेक इंजिनं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, होंडाची काही जुनी इंजिनं उलटी. प्लग काढलेले असताना ते जरा जडपणे पण सलग फिरलं पाहिजे. मध्येच टणकन अडलं तर जोर करू नका, तुटलेल्या बेल्टमुळे व्हॉल्व्ह पिस्टनला लागत असेल. फिरतंच नाही, तर जाम झालेलं इंजिन, त्यातून वरवरचे ब्रॅकेट, मॅनिफोल्ड घ्या फार तर.

काय घ्यायचं आणि काय तिथेच टाकायचं

गॅस्केट, ऑइल सील, रिंगा, बेअरिंग, टायमिंग बेल्ट, टेन्शनर, पाण्याचा पंप, रबरी पाइप, ही सगळी नवीच घ्यायची, फुकट दिली तरी जुनी नको. हेडचे बोल्ट बऱ्याच इंजिनांत एकदा कसले की ताणले जातात आणि परत वापरायचे नसतात, मॅन्युअल सांगेल, शंका असेल तर नवे. ऑइल कूलरचा विषय जरा वेगळा, बेअरिंग फुटलेल्या इंजिनचा कूलर कितीही धुतला तरी आतल्या जाळीत चुरा अडकून राहतो आणि तो तुमच्या नव्या बेअरिंगमध्ये येऊन बसतो, म्हणून कूलर चांगल्या इंजिनचा नाहीतर नवा.

घेण्यासारखं म्हणजे ब्लॉक, क्रँक, कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा), हेड, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), मॅनिफोल्ड, फ्लायव्हील, ऑइल चेंबर (इंजिनखालचा ऑइलचा डबा), टायमिंग कव्हर, पुल्या, अल्टरनेटर, सेल्फ, थ्रॉटल बॉडी, ब्रॅकेट. आणि त्या प्रत्येकाचे बोल्ट! लोक ब्रॅकेट घेतात आणि बोल्ट तिथेच चिखलात टाकून येतात, मग घरी तसल्या लांबीचा, तसल्या आट्याचा बोल्ट शोधत दुकानं पालथी घालतात. टायमिंग कव्हरचे बोल्ट तर वेगवेगळ्या लांबीचे असतात, लांब बोल्ट चुकीच्या भोकात गेला तर आतून कास्टिंग फुटतं. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा आणि ज्या भोकाचा बोल्ट त्या जागी खुपसून ठेवा, एवढं केलं की बास.

फ्लायव्हीलवर निळे डाग आणि बारीक भेगा बघा, आणि रिंग गिअरचे दात पूर्ण गोल फिरवून बघा. चार सिलेंडरचं इंजिन बंद होताना साधारण त्याच दोन जागांवर येऊन थांबतं म्हणून सेल्फचे दात तिथेच घासतात, बाकीचे नवे दिसले तरी समोरासमोरच्या त्या दोन जागा तपासायच्या. क्रँक पुलीच्या आत रबर असतं, ते फुगलेलं किंवा बाहेर आलेलं असेल तर ती पुली नको. टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून बघा, आडवा किंचित हलला तर चालतं पण पुढे-मागे सरकता कामा नये आणि पंखे भिंतीला घासलेले नकोत. ऑइल चेंबर चेपलेला असेल तर त्या इंजिनचा क्रँक जास्त बारकाईने बघा, कारण चेंबर आत गेला की ऑइल खेचायच्या जाळीचं तोंड बंद होतं आणि बेअरिंग कोरडी पडतात. कॉमन रेल डिझेलचे इंजेक्टर घेत असाल तर त्यांच्यावरचा कोड टिपून घ्या, बऱ्याच गाड्यांत तो ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) भरावा लागतो. ईसीयू घ्यायचा तर चावी आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) सकट, नुसता आणून गाडी चालू होईलच असं नाही.

काढायला सुरुवात

बॅटरी असेल तर आधी निगेटिव्ह सोडा. केशरी जाड वायर दिसली की ती हायब्रिड गाडी, हाय व्होल्टेज आहे, माहिती नसेल तर लांबच राहा. पेट्रोलचा पाइप सोडताना आजूबाजूला कोणी ग्राइंडर किंवा गॅस कटर चालवत नाही ना ते बघा. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, दगड-विटांच्या थप्पीवर ठेवलेल्या गाडीखाली तर अजिबात नाही, आधी हाताने जोरात हलवून बघा, हलली तर दुसरी गाडी शोधा.

यार्डातले लोक मदत म्हणून गॅस कटर आणि घण घेऊन येतात, त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, त्यांना वजनाने माल विकायची सवय. पण तुम्हाला पार्ट जिवंत हवाय, त्यामुळे नम्रपणे नको म्हणा आणि स्वतःच्या पान्याने काढा.

गंजलेला बोल्ट आधी किंचित कसा आणि मग सोडा, त्या उलट्या झटक्याने गंज तुटतो. स्प्रे मारून थोडा वेळ दुसरं काम करा, बोल्टच्या डोक्यावर सरळ दोन-चार ठोके द्या, मग परत. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे स्टड सगळ्यात हट्टी, तुटले तर तुटले, पण हेडमध्ये तुटलेला स्टड काढायचा खर्च भाव करताना धरा.

हेडचे बोल्ट सोडायचे ते इंजिन थंड असताना आणि बाहेरून आत, तेही एकदम नाही, सगळे पाव वळसा, मग परत सगळे पाव वळसा, असं दोन-तीन फेऱ्यांत. कसताना याच्या बरोबर उलट, मधून बाहेर. एका कोपऱ्यातला बोल्ट पूर्ण काढून दुसरीकडे गेलात तर चांगलं सपाट हेड तुमच्याच हाताने वाकडं होतं. हेड निघत नसेल तर सपाट जागेत पहार घालू नका, कडेला मुद्दाम ठेवलेले कान असतात तिथूनच उचला. खाली ठेवताना लाकडावर ठेवा, सिमेंटवर आपटलं तर फेसिंग (तळ घासून सपाट करायचं काम) वाढलं.

कॅमच्या टोप्या, मेन बेअरिंगच्या टोप्या आणि कनेक्टिंग रॉडच्या टोप्या (बेअरिंगवर बोल्टने बसणारे अर्धगोल भाग) या ज्याच्या त्यालाच. कॅम आणि मेनच्या टोप्या ब्लॉकवर किंवा हेडवर बसवून एकत्र बोअर केलेल्या असतात, त्यामुळे दुसऱ्या इंजिनची टोपी आणून बसवली तर भोक गोल राहतच नाही. हल्लीचे बरेच कनेक्टिंग रॉड तर आधी अखंड बनवून मग मुद्दाम तडकवून दोन भाग केलेले असतात, ती तुटलेली खडबडीत कड त्याच टोपीशी जुळते, दुसरीशी नाही. काढायच्या आधी पेंट मार्करने रॉडवर आणि टोपीवर दोन्हीकडे नंबर आणि पुढची दिशा लिहा. टोपी काढली की रॉडच्या बोल्टांवर रबरी पाइपचे तुकडे चढवा, नाहीतर पिस्टन वर ढकलताना त्या बोल्टचे आटे क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंग बसते त्या गोल जागेवर) चरा ओढतात आणि तिथल्या तिथे क्रँक ग्राइंडिंगला (घासून बारीक करायला) जातो. जुने बेअरिंग टाकायच्या आधी त्यांची पाठ वाचा, एसटीडी लिहिलं असेल तर क्रँक मूळ मापाचा, ०.२५, ०.५० असेल तर तेवढा ग्राइंड होऊन गेलेला.

पूर्ण इंजिन उचलत असाल तर साखळी इंजिनवरच्या उचलायच्या कड्यांनाच लावा, इनटेक मॅनिफोल्डला नाही. आणि खाली टेकवताना सगळं वजन चेंबरवर देऊ नका.

पैसे द्यायच्या आधी तिथेच तपासणी

क्रँक चिंधीने पुसा आणि प्रत्येक जर्नलवरून नख आडवं फिरवा. डोळ्याला रेघ दिसतेय पण नखाला लागत नाही, तर पॉलिशवर भागेल बहुतेक. नख अडलं तर ग्राइंडिंग. निळा पडलेला जर्नल दिसला तर तिथे बेअरिंग फिरून क्रँक जबरदस्त तापलाय, नकोच. मग क्रँक एका टोकाने दोरीला टांगून वजनदार भागावर छोट्या हातोडीने हलकं टकटक करा, घंटेसारखा लांब आवाज निघाला तर चांगलं लक्षण, आवाज बद्द आला तर आत तडा असायची शक्यता. ही फक्त पहिली चाळणी आहे, खरी खात्री मशीन शॉपमध्ये मॅग्नेटिक टेस्ट केल्यावरच. आणि काही क्रँक कंपनीने असे कठीण केलेले असतात की ग्राइंड करायची परवानगीच नसते, ते पण मॅन्युअलमध्ये बघून गेलेलं बरं.

हेडवर स्टीलची पट्टी उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवा आणि खालून फिलर गेज घालून बघा. मर्यादा इंजिनप्रमाणे बदलते पण ०.०५ मिमीचं पान जिथे सहज जातं तिथे फेसिंग लागणार असं धरा, आणि फेसिंगला किती माल शिल्लक आहे ते हेडच्या जाडीवरून, काही डिझेल हेडना तर फेसिंग करायला कंपनीच मनाई करते. दोन व्हॉल्व्हच्या सीटमधल्या पुलावर तडे बघा, तिथेच पहिले येतात. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये कॅम बऱ्याचदा बेअरिंगशिवाय सरळ हेडमध्येच फिरतो, ती जागा खरवडलेली असेल तर हेड दिसायला कितीही सुंदर असो, सोडा. जुन्या पद्धतीचे सपाट टॅपेट (कॅमवर टेकणारे दट्टे) असतील तर कॅम आणि टॅपेट जोडीनेच घ्या, कॅमच्या ज्या लोबवर (उंचवट्यावर) जो होता तो तिथेच, आणि टॅपेटचा तळ किंचित फुगीर पाहिजे, खोलगट झाला असेल तर तो आणि त्याचा कॅम दोन्ही संपले.

ब्लॉकमध्ये बोअरच्या वरच्या टोकाला नख लावा, जाडजूड कंगोरा लागला तर खाली तेवढं घासलंय. दोन सिलेंडरमधली जागा, बोल्टच्या भोकांभोवती आणि पाण्याच्या झाकणांच्या मध्ये तडे शोधा. प्रत्येक भोकातले आटे बोल्ट हाताने फिरवून बघा.

पावती घ्या, तिच्यावर इंजिन नंबर लिहून घ्या आणि पार्ट खराब निघाला तर बदलून मिळतो का आणि किती दिवसांत, हे तोंडी नाही, पावतीवरच. नंबर खोडलेला, घासलेला ब्लॉक कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका, चोरीच्या गाडीचा निघाला तर उत्तरं तुम्हालाच द्यावी लागतात. ब्लॉक बदलला की गाडीच्या कागदांवर इंजिन नंबर बदलून घ्यायचा नियम असतो बऱ्याच ठिकाणी, तो तुमच्याकडे कसा आहे ते बघून घ्या.

घरी आणल्यावर

आधी धुवा. ओतीव लोखंडाला कॉस्टिकची गरम टाकी चालते पण अॅल्युमिनियम त्यात घालू नका, कॉस्टिक अॅल्युमिनियम खातो आणि वरून हायड्रोजन सुटतो. अॅल्युमिनियमला रॉकेल किंवा त्याच्यासाठीचा डिग्रीझर आणि मऊ ब्रश. ब्रेक क्लीनर वापरलात आणि नंतर तिथे वेल्डिंग करायचं असेल तर तो क्लीनर क्लोरीनवाला नाही ना ते डब्यावर वाचा, तसल्या क्लीनरच्या वाफेवर वेल्डिंगची ठिणगी पडली की विषारी फॉस्जीन तयार होतो. ब्लॉक आणि क्रँकची ऑइलची भोकं बारीक लांब ब्रशने आरपार साफ करा, हवा मारा, परत ब्रश. धुतलेलं लोखंड उघडं ठेवलं की बघता बघता तांबडं पडतं, म्हणून वाळलं की लगेच ऑइलचा हात. ब्लॉकमधली हेड बोल्टची आंधळी भोकं मात्र कोरडी करा, त्यात ऑइल किंवा पाणी साचून राहिलं आणि तुम्ही बोल्ट कसला तर ते दाबलं जाऊन ब्लॉकलाच तडा देतं, आणि टॉर्क रेंच तर म्हणतोय सगळं बरोबर.

क्रँक आणि लांब कॅम उभे ठेवा, नाहीतर नीट आधार देऊन, कोपऱ्यात तिरके टेकवून महिनोन्महिने नाही.

नवे बेअरिंग, रिंगा, पिस्टन यांची ऑर्डर एवढ्यात देऊ नका. आधी मायक्रोमीटरने प्रत्येक जर्नल दोन दिशांनी आणि दोन्ही टोकांना मोजा, बोअर वर, मध्ये, खाली मोजा, लिहून ठेवा. हे मोजमाप बदलून मिळायची मुदत संपायच्या आत उरका, पार्ट गॅरेजच्या कोपऱ्यात टाकून सहा महिन्यांनी मोजला तर यार्डवाला काय ऐकून घेणार. मग ते आकडे घेऊन मशीन शॉपला जा, कुठल्या ओव्हरसाइझवर बोअर निघतो ते ठरवा, त्या मापाचे पिस्टन खरंच मिळतात का ते बघा, पिस्टन हातात आले की मगच ब्लॉक बोअरला द्या, कारण बोअर त्या पिस्टनच्या मापावर करायचा असतो. क्रँकचं पण तसंच, ग्राइंडिंगनंतरच्या मापाचे बेअरिंग बाजारात आहेत याची खात्री आधी आणि मशीन नंतर. बसवताना बेअरिंगचा क्लिअरन्स (फट) प्लास्टिगेजने (दाबून फट मोजायच्या मऊ धाग्याने) बघून घ्या, जर्नल ५० मिमीचा असेल तर साधारण ०.०५ मिमीच्या आसपास, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलचा.